दर्शन आणि दखल : वारकरी संतविचारातील निसर्ग आणि भूतदया

ईश्वर चराचरात भरून राहिला आहे, हे वाक्य मराठी माणसाच्या कानावर इतक्या वेळा पडलेले असते की त्याचा अर्थ विचारण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. कीर्तनात ते येते, पाठ्यपुस्तकात येते, सत्कारसमारंभातील भाषणातही येते. या वाक्याने कोणाची गैरसोय होत नाही, आणि नेमकी हीच त्यातील उणीव आहे. ज्या विधानामुळे ते उच्चारणाऱ्याला काहीही बदलावे लागत नाही, ते विधान कितीही श्रद्धेने केलेले असले तरी त्यात आशय कितपत उरतो? पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर उभ्या राहिलेल्या चोखामेळ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. देव सर्वत्र आहे असे मानणाऱ्या समाजातच त्याला देवळाचा उंबरा ओलांडता येत नव्हता.

प्रस्तुत लेखात वारकरी संतांच्या ईश्वरदर्शनाच्या कल्पनेचा एका विशिष्ट अंगाने विचार केला आहे. निसर्गात देव पाहणे आणि रोजच्या व्यवहारातील साध्या दयाळूपणात देव ओळखणे या दोन गोष्टी आपल्याकडील अभ्यासात बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत मांडल्या जातात. पहिली 'संतांची निसर्गप्रतिमा' या मथळ्याखाली येते, तर दुसरी 'संतकाव्याचा सामाजिक आशय' या मथळ्याखाली. अध्यापनाच्या सोयीसाठी ही विभागणी ठीक असली तरी संतांच्या लेखनाला ती मानवत नाही. त्यांच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी एकाच वृत्तीची रूपे आहेत. समोर जे आहे त्याची दखल घेणे, ही ती वृत्ती होय. 'दर्शन' हा शब्द आपण देवळापुरता राखून ठेवला आणि 'दखल' हा शब्द कचेरीला देऊन टाकला. संतांच्या लेखनात मात्र हे दोन्ही व्यापार एकाच जागी चाललेले दिसतात.

जगाकडे पाहण्याची मुभा

जगाची दखल घ्यायची तर जग दखल घेण्याजोगे आहे, हे आधी मान्य व्हावे लागते. मायावादाच्या रूढ मांडणीत दृश्य जग हा अज्ञानामुळे झालेला भास ठरतो. दोरीवर सापाचा भास व्हावा तसे ब्रह्मावर जग भासते. ज्ञान झाले की भास मावळतो. ही भूमिका तर्काच्या दृष्टीने भक्कम असली तरी तिच्या प्रचलित रूपात एक धोका आहे. जे मावळणारच आहे त्याकडे निरखून पाहण्याचे कारण राहत नाही. झाड, पाखरू, शेजारी आणि भुकेलेला वाटसरू हे सारे एकाच वेळी गौण ठरतात.

ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त या अज्ञानाच्या कल्पनेलाच हात घातला. या ग्रंथातील सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे असून ते ग्रंथातील सर्वांत दीर्घ प्रकरण आहे. जगाला कारण म्हणून अज्ञान मानण्याची गरज नाही, दिसणारे सारे चैतन्याचेच स्फुरण आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. या भूमिकेला अभ्यासकांनी 'चिद्विलास' हे नाव दिले आहे. ज्ञानेश्वर आणि शंकराचार्य यांच्या भूमिकांत नेमके किती अंतर आहे याविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि ते या लेखात सोडवता येणारे नाहीत. येथे एवढेच महत्त्वाचे की विलास म्हटल्यावर तो पाहण्याची मुभा मिळते. जगाकडे लक्ष देणे म्हणजे साधनेतून विचलित होणे नव्हे, ही गोष्ट वारकरी परंपरेत पायाशीच मान्य झालेली आहे.

'ज्ञानेश्वरी'च्या (शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०) दहाव्या अध्यायात याचा एक सुंदर परिणाम दिसतो. भगवद्गीतेच्या या अध्यायात श्रीकृष्ण आपल्या विभूती सांगतात: वृक्षांत अश्वत्थ, स्थावरांत हिमालय, नद्यांत जाह्नवी, महिन्यांत मार्गशीर्ष. प्रत्येक वर्गातील श्रेष्ठ वस्तू देवाची, असा अर्थ वरवर वाचणाऱ्याला सुचावा अशीच ही मांडणी आहे. अध्यायाच्या शेवटी गीता स्वतःच ही यादी आटोपती घेते आणि एका अंशाने सारे जग व्यापले असल्याचे सांगते. ज्ञानेश्वर येथे थांबून आणखी पुढे जातात. हे सामान्य आणि हे विशेष, अशी वाटणीच मुळात करू नये, असे ते सुचवतात. सूर्याला पुढची बाजू आणि मागची बाजू असते काय, अशा स्वरूपाचे दृष्टांत देऊन ते श्रेष्ठ-कनिष्ठतेची कल्पना मोडून काढतात. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. पिंपळात देव असेल तर बाभळीतही आहे. गंगेत असेल तर गावच्या ओढ्यातही आहे. आणि हाच न्याय माणसांना लावला की काय होते, ते उघड आहे.

पाऊल, दृष्टी आणि हात

या विचाराचा सर्वांत समृद्ध आविष्कार तेराव्या अध्यायात आढळतो. गीतेने ज्ञानाची लक्षणे सांगताना 'अहिंसा' हा केवळ एक शब्द वापरला आहे. ज्ञानेश्वरांनी त्या एका शब्दावर शंभराच्या आसपास ओव्या लिहिल्या. हा विस्तार श्रोत्यांनाही जाणवला असावा, कारण विस्तार का केला याचे स्पष्टीकरण ज्ञानेश्वर स्वतःच देतात.

आरंभी ते इतरांच्या अहिंसेचा समाचार घेतात. पाऊस पडावा म्हणून यज्ञ करावयाचा आणि यज्ञात पशू मारावयाचे, हा त्यांचा पहिला आक्षेप. झाडाच्या रक्षणासाठी कुंपण हवे म्हणून त्याच झाडाच्या फांद्या तोडाव्यात, तसे हे होते, असे ते दाखवतात. दुसरा आक्षेप आयुर्वेदावर आहे आणि आज तो वाचताना आश्चर्य वाटते. एका जीवाला वाचवण्यासाठी दुसऱ्या जीवांचा घात होतो. वनस्पती मुळासकट उपटल्या जातात, त्यांची साल काढली जाते, त्यांना शिजवले जाते. झाडाला लागणारे ओरखडे मोजणारी ही दृष्टी तेराव्या शतकातील आहे. औषधे करूच नयेत, असा ज्ञानेश्वरांचा आग्रह येथे दिसत नाही. मात्र उपकारातही कोणाला तरी इजा होत असते आणि ती नजरेआड करणे हे ज्ञानाचे लक्षण नव्हे, एवढे ते ठामपणे बजावतात.

यानंतर अहिंसक पुरुषाचे वर्णन येते. त्याची कृती नंतर येते. आधी येते त्याचे चालणे. बगळा जसा पाण्यात जपून पाऊल टाकतो, भ्रमर जसा कमळाचे केसर चुरगळेल या शंकेने त्यावर हलकेच उतरतो, तसा तो जमिनीवर पाय ठेवतो. कारण कणाकणात लहान जीव गुंतलेले आहेत हे त्याला ठाऊक असते. मांजरी पिलाला तोंडात धरते तेव्हा तिच्या दातांची टोके पिलाला जशी लागतात, त्या नाजूकपणाशी ज्ञानेश्वरांनी हे पाऊल ताडून पाहिले आहे. हा दृष्टांत विशेष बोलका आहे. दात तेच, शिकारीचेच. पिलाबाबत मात्र त्यांचा वावर बदलतो. सामर्थ्य नाहीसे होत नाही, त्याला समोरच्याचे भान येते.

चालण्यानंतर श्वास, श्वासानंतर बोलणे. हा पुरुष सहसा बोलतच नाही, कारण आपल्या शब्दाने कोणाचे मन दुखावेल अशी त्याला धास्ती असते. त्यानंतर दृष्टी. प्राणिमात्रात ब्रह्मवस्तू आहे आणि आपली नजर तिला टोचेल, या शंकेने तो कोणाकडे रोखून पाहत नाही. पाहिलेच तर त्याच्या पाहण्याने समोरच्याला पोषणच मिळते. सर्वत्र देव पाहावा, हा उपदेश नित्याचा आहे. पण समोर देव आहे म्हणून नजर आवरती घ्यावी, ही कल्पना दुर्मीळ आहे. प्रत्येक दृश्य टिपून घेण्याच्या आजच्या सवयीत तिचे मोल अधिकच जाणवते. शेवटी हात. हातांना फारसे काम नसते. ते हललेच तर नमस्कारासाठी जोडले जातात, अभय देण्यासाठी उचलले जातात, किंवा पीडिताला हळुवार स्पर्श करतात.

या साऱ्या वर्णनात निसर्ग आणि दया यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही. बगळा, भ्रमर आणि मांजरी यांना निरखून पाहिल्याशिवाय हे दृष्टांत सुचणे शक्य नाही. आणि ते सुचले आहेत ते दुःखिताला स्पर्श कसा करावा हे सांगताना. निसर्गाचे निरीक्षण येथे सौंदर्यास्वादासाठी केलेले नाही. ते वागण्याची रीत शोधण्यासाठी केलेले आहे.

मळा, जाते आणि कावड

ज्ञानेश्वरांनी जे तत्त्वाच्या पातळीवर मांडले ते इतर संतांच्या बाबतीत कामाच्या जागी दिसते. सोलापूर जिल्ह्यातील अरण हे सावता माळ्यांचे गाव. मळ्यातील भाजीपाल्याची नावे एकामागून एक घेत त्यातच आपली विठाई पाहणारा त्यांचा अभंग सर्वपरिचित आहे. त्या नामावळीत आज मिरचीही ऐकू येते. परंपरेनुसार सावता माळ्यांचा काळ इ. स. १२५० ते १२९५ असा मानला जातो, आणि मिरची तर अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. तेव्हा एक तर मूळ शब्द मिऱ्याचा वाचक असावा किंवा गाणाऱ्यांनी तो पुढे घातला असावा. पाठचिकित्सकाला ही अडचण वाटेल. परंतु मळ्यात नवे पीक आले तेव्हा गाणाऱ्यांनी त्यालाही विठ्ठलात जागा दिली, अशी शक्यता धरली तर परंपरेच्या स्वभावाविषयी बरेच काही कळते. सावता माळी पंढरपूरला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. मळ्याची राखण आणि मोटेचे पाणी सोडून जाण्याची त्यांना गरज वाटली नाही. आजही अरणहून पालखी पंढरपूरला जात नाही. त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला येते.

गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या. त्यांच्या अभंगांत विठ्ठल दळतो, कांडतो, शेण्या वेचतो, झाडलोट करतो. या अभंगांकडे बहुधा भक्तीतील लडिवाळपणा म्हणून पाहिले जाते. पण जात्याची रचना ध्यानात घेतली की त्यांचा अर्थ अधिक खोल जातो. मोठे जाते दोघींनी ओढायचे असते. समोरासमोर बसून एकाच खुंट्याला दोघी हात लावतात, म्हणजे ओझे निम्मे होते आणि ओवीही चालू राहते. जनाबाईंच्या समोरची जागा रिकामी होती. देव तेथे येऊन बसला. त्याचे दर्शन झाले ते दुसऱ्या हाताच्या रूपाने. ईश्वर म्हणजे वाटून घेतलेले श्रम, इतकी साधी आणि इतकी नेमकी कल्पना मराठीत पुन्हा क्वचितच आढळते. जात्याभोवतीचा हा अनुभव जनाबाईंपुरता राहिलेला नाही, हे गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या संकलनावरून दिसून येते. महाराष्ट्रातील हजारावर गावांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या ठेव्यात विठ्ठल हा भाऊ, बाप, सखा अशा घरच्या नात्याने येतो आणि तुळस तर घरातीलच एक असते.

एकनाथांची (इ. स. १५३३ ते १५९९) कावडीची कथा महिपतींनी सांगितली आणि ती घराघरात पोहोचली. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेले गंगाजल एकनाथांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. कथेचे ऐतिहासिक प्रामाण्य तपासणे हा वेगळा विषय आहे. तिच्या रचनेकडे मात्र लक्ष द्यायला हवे. कावडीतील पाणी कोणा देवाचे, हे आधीच ठरलेले होते. त्यासाठी शेकडो कोसांची वाट तुडवली गेली होती. शिवाय समोरचा प्राणी गाय नव्हती. गाय असती तर कथा पुण्याची झाली असती. गाढव असल्यामुळे ती ओळखण्याची झाली. नियोजित देवाकडे जाताना वाटेत जो देव अनपेक्षितपणे आडवा येतो, त्याची दखल घेता येते की नाही, हा तिचा विषय आहे. कुत्र्याने पळवलेली भाकरी कोरडी आहे म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या नामदेवांची कथाही याच जातीची.

निसर्गाची दुसरी बाजू

निसर्गात देव पाहणारी दृष्टी भाबडी असते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. फुले आणि पहाट यांत देव दिसतो. मग दुष्काळ आणि साप यांत कोण असते? आक्षेप रास्त आहे आणि संतांनी तो टाळलेला नाही.

एकनाथांचे 'भागवत' (काशी येथे इ. स. १५७३ मध्ये पूर्ण) हे भागवतपुराणाच्या अकराव्या स्कंधावरील भाष्य आहे. त्यात अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंचे आख्यान येते. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य हे गुरू आहेत. तसेच कबुतर, अजगर, पतंग, हरिण आणि मासाही गुरू आहेत. पृथ्वीकडून सहनशीलता घ्यायची, पर्वत आणि वृक्ष यांच्याकडून परोपकार घ्यायचा. पण पिलांच्या मोहाने पारध्याच्या जाळ्यात स्वतःहून शिरणाऱ्या कबुतराकडून, गळाला लागणाऱ्या माशाकडून, दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाकडून घ्यायचा तो धडा सावधगिरीचा. निसर्गाने सुखद असावे अशी अट अवधूताने घातलेली नाही. त्याने फक्त लक्ष दिले.

तुकारामांच्या बाबतीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. झाडे-वेलींना आणि वनातील प्राण्यांना सोयरे मानणारा त्यांचा अभंग पाठ्यपुस्तकांतून, वनमहोत्सवाच्या फलकांवरून इतका फिरला आहे की त्याच्या आधी काय घडले होते याचा विसर पडतो. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात तुकारामांचा व्यापार बुडाला, मानहानी झाली आणि पत्नी अन्नावाचून गेली. हे सारे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मपर अभंगात सांगितले आहे. ज्या आभाळाने घर उद्ध्वस्त केले त्याच आभाळाखाली, देहूजवळच्या भंडारा डोंगरावर, हा मनुष्य एकांतासाठी जाऊन बसतो आणि झाडांशी नाते सांगतो. हे नाते दुष्काळ सोसल्यानंतरचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यात भाबडेपणा पाहणे कठीण होते. डोंगरावरून खाली आल्यावर त्यांनी काय केले, याची परंपरेने सांगितलेली गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. गांजलेल्यांना आपले म्हणणाऱ्याच्या ठायी देव ओळखावा, असे सांगणाऱ्या त्यांच्या अभंगामागे हा व्यवहार उभा आहे. डोंगरावरचा एकांत आणि बुडवलेली खते, यांपैकी एक घेऊन दुसरे सोडता येत नाही.

महाद्वाराबाहेर

येथवरचे विवेचन परंपरेच्या बाजूने झाले. पण लेखाच्या आरंभी उपस्थित केलेला प्रश्न तसाच आहे. भाजीत, जात्यात, गाढवात देव ओळखणाऱ्या परंपरेच्या मुख्य देवळाचे दार चोखामेळ्याला बंद होते. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला (परंपरेनुसार इ. स. १३३८). त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. म्हणजे मृत्यूनंतरही जागा मिळाली ती दाराबाहेरच.

चोखामेळ्याने या अन्यायाविरुद्ध जो युक्तिवाद केला तो निसर्गातून घेतलेला आहे, ही गोष्ट या संदर्भात विशेष उल्लेखनीय ठरते. ऊस आणि नदी यांचे, तसेच धनुष्याचे दाखले देऊन तो बाहेरचा आकार आणि आतले सत्त्व यांतील भेद दाखवतो. बाह्य वक्रतेवरून आतल्याचा निवाडा करणाऱ्यांनी उसाच्या फडाकडे किंवा नदीच्या पात्राकडे एकवार पाहावे, एवढेच त्याचे मागणे आहे. निसर्गाकडे नीट पाहिले असते तर अस्पृश्यता टिकली नसती, असा याचा अर्थ होतो. ज्ञानेश्वरांनी सूर्याच्या दृष्टांताने जी भेदबुद्धी मोडली ती शास्त्रार्थात मोडली गेली. दारावर ती शाबूत राहिली.

ती किती काळ शाबूत राहिली याचा हिशेब सांगायला हवा. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केले, त्यानंतर दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. चोखामेळ्याच्या मृत्यूनंतर सहाशे नऊ वर्षांनी. दुसऱ्याच वर्षी, १९४८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. ज्यांनी पुढे धर्मांतराचा मार्ग स्वीकारला त्यांनी केलेल्या या अर्पणाकडे परंपरेच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने पाहायला हवे.

गाडगेबाबांनी (१८७६ ते १९५६) या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. त्यांनी पंढरपूरला अनेक वाऱ्या केल्या. पण त्यांचे काम देवळाबाहेर चाले. हातातील खराट्याने ते रस्ते आणि वाळवंट झाडत. भाविकांनी केलेली घाण काढणे हीच त्यांची पूजा, असे म्हणण्याची पद्धत आहे, परंतु गाडगेबाबांना 'पूजा' हा शब्द कितपत रुचला असता याविषयी शंका वाटते. त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांत पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळाही होती, आणि ती त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. महाद्वाराबाहेर ज्याला थांबवले होते, त्याच्या नावाच्या वास्तूचा उपयोग शिक्षणासाठी व्हावा, हे त्या संस्थेची निवड करण्यातच आले.

वाटेवर

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. आषाढीच्या वारीत हे अंतर चालणारे लोक एकमेकांना 'माउली' म्हणतात. हा शब्द मूळचा ज्ञानेश्वरांचा. परंतु वाट मागताना, पाणी देताना, चुकून धक्का लागला असता, अनोळखी माणसालाही तोच शब्द लावला जातो. वयाने मोठा मनुष्यही लहानाच्या पाया पडतो. गावोगावचे लोक पिठले-भाकरी घेऊन वाटेवर उभे असतात. कोणी तुटलेली वहाण शिवून देतो, कोणी दाढी करून देतो, कोणी चाललेल्या पायांना तेल लावतो. पैसे घेत नाही. आभार मानण्याचीही फारशी पद्धत नाही, कारण देणारा स्वतःलाच घेणारा समजत असतो. सर्वांभूती ईश्वर, हे वचन येथे काही दिवसांपुरते का होईना, शिष्टाचार बनते. तत्त्वज्ञान शिष्टाचारात उतरणे ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि वारीचे गोडवे गाताना इरावती कर्वे यांचा वारीवरील लेख विसरता येत नाही. १९६२ मध्ये इंग्रजीतही प्रसिद्ध झालेल्या या लेखात त्यांनी वारीतील आनंदाचे जसे मनापासून वर्णन केले आहे, तसेच दिवसभर एकत्र चालून अभंग म्हणणाऱ्या बाया जेवणाच्या वेळी जातीजातीने वेगळ्या बसतात, हेही नोंदवले आहे आणि त्याची सलही लपवलेली नाही. भक्तिभावाने चालत असताना भोवतालचे न्याहाळण्याचे त्यांनी सोडले नाही. संशोधकाची ही दृष्टी श्रद्धेला बाधक ठरते असे मानणाऱ्यांनी तेराव्या अध्यायातील तो आयुर्वेदावरचा आक्षेप पुन्हा वाचावा.

आज दखल मागणारी गोष्ट नदी आहे. तुकारामांनी कर्जखते जिच्यात बुडवली आणि त्यांच्या अभंगांच्या वह्या जिने परत दिल्या असे परंपरा सांगते, ती इंद्रायणी देहू आणि आळंदी या दोन्ही गावांवरून वाहते. पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी आणि औद्योगिक द्रव तिच्यात मिसळत आले आहेत. अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटावर पांढऱ्या फेसाचे थर वारंवार दिसले आणि त्यांची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. पंढरपुरात चंद्रभागेच्या शुद्धीकरणासाठी राज्य शासनाने २०१६ मध्ये 'नमामि चंद्रभागा' ही योजना जाहीर केली. वारीच्या काळात राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी मुक्कामाच्या गावी जाऊन स्वच्छतेचे काम करतात. त्यांपैकी अनेकांनी 'ज्ञानेश्वरी' वाचलेली नसते आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही. नदीच्या पाण्यात काय मिसळते, कोठून मिसळते आणि कोणाच्या परवानगीने मिसळते, हे प्रश्न मात्र त्यांच्या खराट्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत. ते रसायनशास्त्राच्या, प्रशासनाच्या आणि कायद्याच्या अभ्यासकांकडे येतात. वारीला निघण्यापूर्वी आळंदीच्या घाटावर वारकरी फेस हाताने बाजूला सारतो, ओंजळ भरतो आणि ते पाणी डोळ्यांना लावतो.